चिंचोक्यांचा ताल

(पाठीराख्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एका काकूंनी मला हळूच विचारलं होतं, "बाई, तुमच्या वसतिगृहातली मुलं म्हणे रॅप का काय ते करतात?" विचारण्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. तेव्हा वाढपी पुढे सरकला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देते. होय काकू, करतात. आणि त्यांना ते करायला मीच लावलं. त्यात काय साधलं ते सांगेनच, पण काय बिघडलं तेही सांगणार आहे, कारण तुमच्या दानातून चालणाऱ्या कामाचा हिशेब फक्त पैशांचा नसतो.

मी विज्ञान शिकवते. आमचा भाग सातपुड्यातला, धडगावच्या पुढचा. मुलं पावरा आणि भिल्ल समाजाची. घरी पावरी किंवा भिली बोलतात आणि शाळेत मराठीतून शिकतात. म्हणजे मी फळ्यावर 'आनुवंशिकता' असा शब्द लिहिते तेव्हा त्यांच्यासाठी तो दुहेरी परका असतो. एकदा नववीच्या वर्गात सिकलसेल शिकवताना मी विचारलं, "वाहक म्हणजे कोण?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "बसमधला कंडक्टर!" सगळा वर्ग हसला. एसटीत लिहिलेलं असतंच ना, चालक आणि वाहक. मीही हसले आणि पुढे गेले. ते उत्तर किती मोलाचं होतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

सिकलसेल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आपल्या रक्तातली तांबडी पेशी गोल, मऊ असते आणि सुमारे १२० दिवस जगते. तिच्यात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. या हिमोग्लोबिनमध्ये १४६ मण्यांची एक माळ असते असं समजा. तिच्यातला सहावा मणी बदलला, एकच मणी, तर प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून काड्यांसारखं ताठ होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तो मणी नेमका कोणता, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ साली शोधलं. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं आणि सांधे असे दुखतात की दहा वर्षांचं पोर रात्रभर तळमळतं. या पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस टिकतात, म्हणून रक्तही कायम कमी.

पण हे सगळं होतं ते बदललेला मणी आई आणि वडील दोघांकडून आला तर. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. तो साधारणपणे ठणठणीत असतो, शेतात राबतो, डोंगर चढतो. आपण वाहक आहोत हे त्याला तपासणीशिवाय कळतही नाही. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आज आदिवासी पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर आहे हे सर्वज्ञात आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे.

तपासणी म्हणजे बोटातून थेंबभर रक्त. एवढंच. पण लोक त्यालाही येत नव्हते. आरोग्यसेविका वस्तीवर आली की माणसं रानात निघून जायची. भित्तीपत्रकं लावली तर ती मराठीत, आणि पुष्कळांना वाचता येत नाही. मी दोन गावांत व्याख्यान दिलं. लोकांनी ऐकून घेतलं, कारण ते सभ्य आहेत. नंतर एका आजीने मला पावरीतून काही सांगितलं आणि मुलांनी त्याचा मराठीत अर्थ सांगितला, "बाईचा आवाज चांगला आहे, पण त्यात पाणी नाही."

त्याच काळात वसतिगृहातली मुलं रात्री अभ्यास संपला की ताटं वाजवून काहीतरी म्हणायची. आमच्याकडे टिमलीच्या चाली आता सगळीकडे आहेत, लग्नात, बाजारात, प्रत्येक मोबाईलवर. त्यात शहरातून रॅपचं वेड आलेलं. हे रॅप जन्मलं १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांत. ज्यांच्याकडे वाद्यं नव्हती, त्यांनी तबकड्या आणि बोलणं यांतून संगीत उभं केलं. ताटं वाजवणाऱ्या माझ्या मुलांना ते जवळचं वाटलं यात नवल नाही. आपल्याच राज्यातली, महादेव कोळी समाजातली 'माही जी' नावाची तरुणी जंगलावर आणि उन्हाच्या लाटेवर रॅप करते. मुलांनी मला तिची गाणी दाखवली.

मग मी शोध घेतला की विज्ञान असं कोणी गायलं आहे का. पुष्कळांनी गायलं आहे. २००८ साली स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरचं ते प्रचंड कणयंत्र सुरू होण्याच्या सुमारास तिथे काम करणाऱ्या केट मॅकअल्पाइन या विज्ञानलेखिकेने त्यावर रॅप केलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. कॅनडाचा बाबा ब्रिंकमन तर उत्क्रांतीवर अख्खा कार्यक्रम करतो. २००९ साली डार्विनच्या द्विशताब्दीला मार्क पॅलन या जीवशास्त्रज्ञाने त्याला तो करायला सांगितला आणि त्यातलं विज्ञान स्वतः तपासून दिलं. ही तपासून देण्याची गोष्ट मी वाचली आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं. न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर एमडिन या प्राध्यापकांनी जीझेडए या नामांकित रॅपरला सोबत घेऊन तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांकडून विज्ञानावर रॅप लिहून घेतलं. त्यात मला आवडलं ते हे, की शिक्षक गाऊन दाखवत नाहीत, मुलं लिहितात. लिहायचं तर आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्याला यात फार नवं वाटू नये. आपले टिळक, रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांनी भजनं लिहिली ती अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर, कीर्तनं केली ती इथल्याच थाटाची. लोकांच्या कानाला जे वळण आहे त्यातूनच शब्द आत जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि नगरहून १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'त धर्माबरोबर विज्ञानही छापलं जात असे. त्या दोन्ही परंपरा आपल्याच घरातल्या. फक्त ढोलकीच्या जागी ताट आलं.

तर डिसेंबरात आम्ही गाणं बांधलं. दहा मुलं, तीन रात्री. एक मुलगा शब्दांत फार हुशार, दहावीचा. बहुतेक ओळी त्याच्या. मराठीत आधी लिहिलं, मग मुलांनी पावरीत केलं. पावरीतल्या ओळी मी इथे म्हणून दाखवत नाही, माझा उच्चार ऐकून मुलं अजून हसतात. मराठीत त्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

वाकडं रक्त ओळखा नीट,
त्या घराशी नको सोयरीक.

'नीट' आणि 'सोयरीक' हे यमक कच्चं आहे, पण तालात असं बसलं की कळतही नाही. मी ऐकलं, हसले, शाबासकी दिली. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि मला त्या दोन ओळींत काही खटकलं नाही.

होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतात. डोंगरातली सगळी माणसं नटून येतात, ढोल, बासऱ्या, गुलाल. तिथे मुलांनी गाणं म्हटलं आणि ते उचललं गेलं. कोणीतरी मोबाईलवर घेतलं. एका बँडवाल्याने आम्हाला न विचारता त्याला टिमलीचा ठेका लावला. एप्रिलच्या लग्नांत ते वाजू लागलं. तपासणीला माणसं येऊ लागली, हेही खरं आहे. आरोग्यसेविका मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या गाण्याने काम केलं." मी त्या दिवशी घरी पत्र लिहिलं त्यात ते वाक्य जसंच्या तसं घातलं.

मे महिन्यात आमच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की तिच्या मोठ्या बहिणीची सोयरीक मोडली. मुलगी वाहक होती. तपासणीत निघालं होतं, आणि तिने ते लपवलं नव्हतं, उलट कार्ड घेऊन स्वतः सांगितलं होतं. मुलाकडच्यांनी आधी काही म्हटलं नाही. मग एका लग्नात ते गाणं वाजलं आणि तिथे बसलेल्या कोणीतरी त्या दोन ओळींवर मुलाच्या बापाकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला.

मी आरोग्यसेविकेला घेऊन दोन्ही घरी गेले. मुलाच्या घरी चिंचेखाली खाटेवर बसून मी अडीच तास बोलले. सांगितलं की मुलगी आजारी नाही. मुलात दोष नसेल तर यांच्या एकाही लेकराला हा आजार होणार नाही, फार तर काही लेकरं वाहक होतील, तिच्यासारखीच धडधाकट. फक्त मुलाचंही रक्त तपासा, सिकलसेलसाठी आणि थॅलेसेमियासाठीही, कारण ते दोन दोष एकत्र आले तरी त्रास होतो. मुलाचा बाप शांतपणे म्हणाला, "गाण्यात तसं नाही." यावर मी काय बोलणार? गाण्यात खरंच तसं नव्हतं. गाण्यात फक्त 'त्या घराशी नको' होतं.

मुलाची तपासणी झाली. तो वाहक नव्हता, थॅलेसेमियाही नव्हता. सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही. एकदा मोडलं की त्यात इतर मानापमान येतात, ते तुम्हाला ठाऊक आहेत. तिचं पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न झालं आणि बरं चाललं आहे. पण त्या मे महिन्यात ती घराबाहेर पडत नव्हती आणि तिची धाकटी बहीण वर्गात माझ्याकडे बघत नव्हती.

मी तेव्हा रात्री बसून इतर देशांतले दाखले पुन्हा वाचले, या वेळी नीट. २०१४ साली लायबेरियात इबोलाची साथ आली. तिथल्या तरुणांनी त्या रोगावर एक नाचाचं गाणं काढलं. ते मनरोव्हियात आणि आजूबाजूला तुफान चाललं. रोग खरा आहे, शिवू नका, असं ते सांगत होतं. पण आजारी पडल्यावर माणसाने करायचं काय, हे त्यात नव्हतं, आणि आजाऱ्याला दूर लोटण्याचं बळ ते देतं अशी टीका झाली. त्याच वर्षी पुढे सलीफ केइता, ऊमू संगारे, तिकेन जाह फकोली असे पश्चिम आफ्रिकेतले मोठे कलावंत एकत्र आले आणि फ्रेंचबरोबर स्थानिक भाषांतून दुसरं गाणं आलं. डॉक्टरांवर भरवसा ठेवा, असं ते सांगत होतं. म्हणजे माझ्या हातून झालेली चूक माझ्या आधी कोणाच्या तरी हातून झाली होती, आणि ती जगासमोर छापलेली होती.

दुसरं उदाहरण युगांडाचं. फिली लुटाया हा तिथला लोकप्रिय गायक. १९८९ साली त्याने आपल्याला एड्स आहे हे उघड सांगितलं, त्यावर गाणी केली, आणि अंगात ताकद होती तोवर शाळाशाळांतून आणि चर्चमधून फिरून बोलला. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. आमचं गाणं 'त्या' घराबद्दल होतं. त्याचं गाणं स्वतःबद्दल होतं. मला फरक कळला, पण त्याचं काय करायचं ते कळेना, कारण कोणत्या मुलाला मी सांगणार, बाळा, तुझा रोग चारचौघांत गा?

जूनमध्ये शाळा उघडली आणि वसतिगृहात तपासणी शिबिर झालं. आपलं गाणं लिहिणारा तो दहावीचा मुलगा (आता अकरावीला गेलेला) वाहक निघाला. हे मी त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच सांगते आहे. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. जेवायला येई आणि ताट धुऊन निघून जाई. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, ती ओळ काढता येईल का?"

मी म्हटलं, आपल्या वहीतून येईल. मोबाईलवरून कशी काढणार? ते गाणं आता आपलं राहिलं नाही.

तो म्हणाला, "मग त्याच चालीवर दुसरं भरू."

यात मोठी युक्ती होती, हे मला नंतर कळलं. व्हिएतनाममध्ये २०२० साली करोनासाठी हेच केलं होतं. तिथल्या आरोग्य संस्थेने नवी चाल बांधली नाही. २०१७चं एक गाजलेलं प्रेमगीत, तेही मत्सराचं, घेऊन त्याच संगीतकार-गायकांकडून शब्द बदलून घेतले, आणि एका नर्तकाने त्यावर हात धुण्याच्या पायऱ्यांचा नाच बसवला. चाल लोकांच्या तोंडात आधीच होती. आणि आपल्याकडे त्याच वर्षी फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, आठवतं? संदेश तोही खराच होता. पण किती जणांनी तो शेवटपर्यंत ऐकला?

दुसऱ्या गाण्याला तीन रात्री पुरल्या नाहीत, दोन महिने लागले. या वेळी मी ठरवलं की आधी समजेल, मग गायचं. मुलांना अख्खं जुनं गाणं पाठ होतं, पण एकाला मी विचारलं, "हिमोग्लोबिन म्हणजे काय रे?" तर तो म्हणाला, "ते गाण्यात आहे." पाठ होणं आणि समजणं यात केवढं अंतर असतं! आपणही पावकी-निमकी म्हणत होतो, पण पाव म्हणजे काय हे भाकरी तोडतानाच कळलं.

सगळ्यात अवघड होतं ते चारात एकचं गणित. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक. लोक याचा अर्थ असा काढतात की एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप. एका बाईने मला हेच सांगितलं होतं, आणि तिची दोन लेकरं आजारी होती. हे चुकीचं आहे असं दहादा बोलून पटत नाही.

ते पटवलं चिंचोक्यांनी. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळपट आणि एक पांढरी. त्याचेच फासे करून आपण लहानपणी चौसर खेळलो. मुलांनी दोन अर्धे चिंचोके घेतले, एक आईचा, एक बापाचा, आणि टाकत बसली. दोन्ही काळे पडले तर आजारी. एक काळा एक पांढरा, वाहक. दोन्ही पांढरे, काहीच नाही. शंभर वेळा टाकून फळ्यावर रेघा ओढल्या. दोन काळे साधारण पंचवीसदा यायला हवेत, आमचे थोडे जास्त आले, कारण फोडलेला चिंचोका एका बाजूला फुगीर असतो. नाणं अधिक खरं बोललं असतं. पण वस्तीत नाणं टाकलं की जुगार वाटतो, आणि चिंचोका म्हणजे खेळ. महत्त्वाचं हे की मुलांनी डोळ्यांनी पाहिलं, दोन काळे पडले की लगेच पुढच्या वेळी पुन्हा दोन काळे पडू शकतात. चिंचोक्याला मागचं काही आठवत नाही. हे वाक्य माझं नाही, सातवीतल्या एका मुलीचं आहे, आणि ते तसंच्या तसं गाण्यात गेलं. चिंचोके फरशीवर पडतात तो 'टक्-टक्' आवाजही गाण्यात गेला. ताटांचा ताल गेला आणि चिंचोक्यांचा आला.

आणि मग तो कंडक्टर परत आला. कोणाला तरी नववीतला तो विनोद आठवला. वाहक म्हणजे कंडक्टर. बघा, किती नेमकं आहे! कंडक्टरच्या हातात तिकिटं असतात, तो ती पुढे देतो. पण प्रवास त्याचा नव्हे. एकाच तिकिटावर हा आजाराचा प्रवास होत नाही, दोन लागतात. मी हा शब्द एवढी वर्षं फळ्यावर लिहून पुसत होते. मुलांनी असं केलं:

कंडक्टर हाय मी, पेशंट नाय,
तिकीट एकच, घाबरू काय?
एक तिकीट आईचं, एक बापाचं आलं,
दोन्ही जमली तरच दुखणं झालं.

यातल्या 'मी'वरून आम्ही बराच वेळ भांडलो. त्या मुलाला ते एकट्याने म्हणायचं होतं. मी नको म्हटलं. सोळा वर्षांच्या मुलाने जोशात सांगितलेली गोष्ट गावात पन्नास वर्षं राहते. शेवटी ठरलं की दहाही जणांनी ती ओळ 'मी' म्हणून म्हणायची, आळीपाळीने आणि मग एकत्र. ऐकणाऱ्याला कळणारच नाही यातला खरा कंडक्टर कोण. आता कार्यक्रमात मीही म्हणते, आणि लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत.

शेवटचं कडवं लुटायाचा नव्हे, तर त्या लायबेरियाच्या गाण्याचा धडा घेऊन केलं. आजारी असेल तर काय करायचं. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग झाकायचं, अंगाबाहेर ओझं उचलायचं नाही, ताप आला की दवाखाना गाठायचा, फोलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवायची नाही. 'हायड्रॉक्सियुरिया' या शब्दाला रॅपमध्ये बसवणं हे काम मी मुलांवर सोपवलं आणि त्यांनी ते इतक्या सहज केलं की दहावीच्या रसायनशास्त्राबद्दल माझ्या आशा पुन्हा जाग्या झाल्या.

एक कडवं मी हट्टाने घालायला लावलं. हा दोष आपल्यात का आला? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. मलेरियाच्या रानात जी माणसं पिढ्यान्पिढ्या तगली, त्यांच्यात हा मणी टिकला. मच्छरदाणी तरीही लावायचीच, हे कडव्याच्या शेवटी आहे. पण 'वाकडं रक्त' म्हणून मान खाली घालणाऱ्या मुलांनी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं की या मण्याने आपल्या आज्या-पणज्यांना जगवलं असेल, तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मी विसरणार नाही.

या वेळी गाणं बाहेर सोडण्याआधी मी ते धडगावला एका डॉक्टरांना आणि दोन आरोग्यसेविकांना ओळीओळीने वाचून दाखवलं. त्यांनी तीन ठिकाणी खुणा केल्या. मग त्या मोडलेल्या सोयरिकीच्या घरी गेले. थोरल्या मुलीला मुलांनी अंगणात ऐकवलं. तिने कंडक्टरची ओळ पुन्हा म्हणायला लावली. मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला. मी क्षमा मागितली, तर म्हणाली, "आधीचं गाणं चांगलं होतं, बाई. नाचायला." आणि हसली. यापेक्षा जास्त ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

जुनं गाणं पुसलं गेलं का? नाही. या मार्चमधल्या भोंगऱ्या बाजारात मी दोन्ही ऐकली, शंभर पावलांच्या अंतरावर. त्या बँडवाल्याला भेटून विनंती केली, तो भला माणूस निघाला आणि नवे शब्द वाजवू लागला. पण इतरांच्या मोबाईलमधलं मी कसं काढू? मुलं म्हणतात अजून तिसरं बांधू, याहून जास्त नाचायचं. बांधतील.

काल निघताना मी मुलांना विचारलं, शहरातल्या मंडळीकडे जाते आहे, काय मागू? मला वाटलं होतं स्पीकर मागतील. स्पीकर हवाच आहे, पण त्यांची पहिली मागणी वेगळी आहे. चिंचोक्यांचा खेळ आता आम्ही वस्तीवस्तीत ठेवून येतो, प्रत्येक घरी दोन अर्धे, आणि आमच्या झाडाचे संपले. आता उन्हाळा आहे. तुमच्या घरी वर्षाची चिंच फोडून, बोटकं काढून भरली जात असेल. काकू, चिंचोके टाकू नका. धुऊन, वाळवून, पिशवीत भरून चर्चच्या कार्यालयात ठेवा. जुलैमध्ये आमची गाडी धान्यासाठी येईल तेव्हा ते घेऊन जाईल. फोडून देऊ नका, फोडायला मुलांनाच आवडतं.